दुसऱ्यांदा विचारल्यावर

थोरल्या साहेबांचं आणि धाकट्या बाईंचं ते भांडण मावशीने दाराबाहेर उभं राहून ऐकलं, हातात चहाचा ट्रे घेऊन. आत जावं तर ऐन भांडणात पाय पडणार, परत फिरावं तर चहा गार होणार आणि त्याचं खापरही तिच्याच डोक्यावर. मग तिने कपांवर बश्या उपड्या घातल्या आणि तिथेच भिंतीला टेकली.

ती कचेरी बुद्धी मोजायची. पाटीवर नाव भलंमोठं होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. सगळे तिला ‘बुद्धीची कचेरी’च म्हणत. शाळेत घालायच्या आधी प्रत्येक मुलाला तिथे आणून बसवायचं, ठोकळे लावायला द्यायचे, चित्रं दाखवायची, प्रश्न विचारायचे आणि शेवटी एक आकडा काढायचा. आकडा रेघेच्या वर गेला तर मूल मोठ्या शाळेत. खाली राहिला तर रस्त्यापलीकडच्या वेगळ्या शाळेत. तिथे अक्षरओळख जेमतेम आणि पुठ्ठ्याची खोकी चिकटवणं भरपूर. आया मुलांना आणताना अंघोळ घालून, केस चापूनचोपून आणायच्या, जशी काही बुद्धी भांगातूनच मोजणार होते.

मावशी तिथली मदतनीस. तिच्या खऱ्या नावाने तिला तिथे कुणी कधी हाक मारली नाही, आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

आत साहेब म्हणत होते, “दर वर्षी तेच. खाणवस्तीची मुलं तळाला. माझ्याआधीचे साहेब होते तेव्हाही तळालाच. किती दिवस कारणं शोधत बसायचं, बाई? काही लोकांचं मूळच मंद असतं. त्यात त्यांचा दोष नाही आणि आपलाही नाही.”

“मूळ मंद नाही, सर. तुमचं घड्याळ घाईत आहे.” धाकट्या बाई तेव्हा नव्या होत्या आणि आवाज चढला की त्यांचे कान लाल व्हायचे. “मी बघत बसले होते ना. ही मुलं पहिल्यांदा विचारलं की नुसती बघतात. दुसऱ्यांदा विचारायची वाट बघतात. तिकडे दगड फोडायचं यंत्र दिवसभर धडधडत असतं, निम्म्या वस्तीला ऐकू कमी येतं. पहिली हाक म्हणजे फक्त ‘इकडे बघ’. खरा प्रश्न दुसरा. आणि आपण विचारतो एकदाच, तेही घड्याळ लावून.”

“नियमात एकदाच आहे.”

“नियम कुणाच्या मुलांना बसवून केला? त्यात खाणवस्तीतलं एक तरी मूल होतं का?”

“मोजपट्टी सगळ्यांना सारखीच लावतो आपण.”

“पट्टी सारखीच, सर. पण एकाला उंबऱ्यावर उभं करायचं, एकाला खड्ड्यात, आणि वर म्हणायचं हा बुटका!”

“ठीक आहे, विचारा दोनदा. पण मग सगळ्यांनाच दोनदा विचारावं लागेल. आजवरचे सगळे आकडे पाण्यात. गावोगावची मुलं पुन्हा गोळा करून बसवायची. ते कोण करणार? तुमचे वडील?”

आत कागदांचा गठ्ठा आपटल्याचा आवाज आला. मावशीला वाटलं, संपलं एकदाचं. तिने कोपराने दार ढकललं आणि तीच चूक झाली, कारण बाईंनी तिलाच पकडलं.

“यांनाच विचारू या. या खाणवस्तीतल्याच आहेत. मावशी, तुमच्याकडे मुलांना काही विचारलं, तर पहिल्याच वेळी उत्तर देतात का हो?”

मावशी ट्रे धरून उभी राहिली. उत्तर तिच्या ओठावर होतं. मुलांचं कुठे घेऊन बसलात, माझा नवराही देत नाही, असं ती म्हणणार होती. पण बाईंनी आत्ता कुठे एकदाच विचारलं होतं.

“बघा,” साहेब हसले. “यांनाही सांगता येत नाही.”

“अहो सर, हाच तर पुरावा!” बाई खुर्चीतून उठल्याच.

एका माणसाच्या गप्प बसण्यातून दोघांनी आपापला पुरावा उचलला आणि परत एकमेकांशी जुंपली. दुसऱ्यांदा तिला कुणी विचारलंच नाही. तिने कप ठेवले आणि ती बाहेर आली. टेबलावरच्या गठ्ठ्यात खाणवस्तीतल्या त्या वर्षीच्या मुलांचे कागद होते. त्यात तिच्या मुलाचाही होता. बाई इतकं छान बोलत होत्या की त्याच जिंकतील असं तिला वाटलं होतं. पुढे कळलं, कचेरीत चांगलं बोलणारा जिंकत नाही, ज्याची सही चालते तो जिंकतो. मुलगा वेगळ्या शाळेत गेला.

खरी गंमत पुढेच आहे. बाई बोलेपर्यंत मावशीला हे ठाऊकच नव्हतं. तिचा जन्म खाणीवरचा, लग्न खाणीवर, नवरा दगडाच्या यंत्रावर. पण आपल्याकडे प्रश्न दोनदा विचारतात, हे तिला एका लाल कानांच्या बाईकडून कळलं. त्या संध्याकाळी ती घरी गेली आणि कान देऊन ऐकायला लागली.

“चहा घेणार?” तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा विडी ओढत भिंतीकडे बघत होता.

“अहो, चहा घेणार?”

“हो. विचारतेस काय?”

शेजारीण दारात आली. “मीठ आहे का गं?” सासूबाई ढिम्म. “मीठ आहे का?” “आहे की, ने.” मुलगा ठोकळ्यासारखा बसला होता. “जेवलास?” गप्प. “जेवलास का रे?” “कधीच.” सगळी वस्ती अशीच बोलत होती, पावलागणिक. एकदा लक्षात आलं म्हटल्यावर ते तिच्या डोक्यातून जाईना, नळ गळत असला की रात्रभर फक्त तेवढंच ऐकू येतं तसं. ‘बाईंनी माझ्या कानात भूत घातलं,’ ती मनात म्हणाली. त्यांच्यावर ती चिडलीही असेल थोडी. पण चिडायलाही अंगात ताकद लागते, आणि सकाळी ठोकळे धुवायचे होते.

ठोकळे धुणं हे तिचं मुख्य काम. मुलं ते चोखायची, नाकाला लावायची, घाबरलेलं मूल तर घामाने चिंब करून ठेवायचं. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवायचे, फडक्यावर पसरायचे, लाल बाजू वर करून. एक छोटी खुर्ची डुगडुगायची, तिच्या पायाखाली कागदाची घडी सारायची. पेन्सिलींना टोक काढायचं, पण बोथट, कारण एका पोराने एकदा स्वतःच्याच गालात खुपसून घेतली होती. कुणी चड्डी ओली केली तर कपाटात धुतलेल्या चड्ड्या असत. त्याही तिनेच घरून आणलेल्या. संध्याकाळी दिवसभराचे कागद पाकिटात घालून, मोहोर करून, चार गल्ल्या ओलांडून मुख्य कचेरीच्या खिडकीवर नेऊन द्यायचे आणि पोच आणायची. नोकरी एवढीच. माणसाचं आयुष्य एवढ्यात बसतं आणि वर थोडी जागाही उरते.

थोरले साहेब गेले. जाताना त्यांच्या गळ्यात हार पडला आणि मावशीला ते म्हणाले, “तुमचा चहा मात्र एक नंबर.” त्यांची खुर्ची धाकट्या बाईंना मिळाली, आणि त्या मोठ्या बाई झाल्या. कान लाल होणं कमी झालं. चष्मा आला, गुडघे दुखायला लागले. वर्षातून एकदा त्या कुठेतरी मोठ्या सभेला जात, भांडून येत आणि आल्यावर बराच वेळ डोकं धरून बसत.

“झालं का काही, बाई?” मावशी विचारायची.

“पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

“मग चहा ठेवते.”

एक गोष्ट मात्र बाईंनी करून घेतली. भिंतीवरच्या घड्याळाचं चित्र होतं एक. घड्याळाला एकच काटा, आणि विचारायचं, यात काय नाही? मावशीच्या मुलाने तेव्हा सांगितलं होतं, सगळं आहे. खाणीच्या ऑफिसातलं घड्याळ तसंच एका काट्याचं होतं आणि त्याच्यावर सगळी खाण चालायची, भोंगा त्याच्यावर, पगार त्याच्यावर. तो प्रश्न त्याचा चुकला. बाईंनी ते चित्र चाचणीतून काढून टाकायला लावलं. चित्र गेलं तोवर मुलगा पुठ्ठ्याच्या कारखान्यात लागला होता, खोकी चिकटवायला. ते त्याला चांगलं येत होतं. शिकवलंच होतं तेवढं.

मुलगा तिला कधी काही बोलला नाही. तो मुळातच बोलायचा कमी. त्याला एक मुलगी झाली, आणि ती इतकी गिरक्या घ्यायची की सगळे तिला भिंगरीच म्हणायला लागले. चालताना गिरकी, जेवताना गिरकी, पण काही विचारलं की जागच्या जागी थांबायची आणि डोळे मोठे करून वाट बघायची. दुसऱ्या प्रश्नाची.

ते बघून मावशीला टेबलावरचा तो कागदांचा गठ्ठा आठवायचा.

भिंगरीचं शाळेत जायचं वर्ष आणि मावशीच्या नोकरीचं शेवटचं वर्ष एकच आलं. मावशीने बाईंना सांगून नातीला आपल्या शेवटच्या दिवशी बोलवायचं ठरवून घेतलं, म्हणजे निदान दाराबाहेर तरी आपण असू. चाचणीतले प्रश्न तिला पाठ होते. दाराआडून ऐकून ऐकून दारालाही पाठ झाले असतील. पण उत्तरं शिकवायची म्हणजे चोरी, एवढं तिला कळत होतं. ते तिने केलं नाही. तिने नातीला फक्त एक शिकवायचं ठरवलं, पहिल्यांदा विचारल्यावर बोलायला.

“हे बघ भिंगरे, मी विचारलं रे विचारलं की बोलायचं. थांबायचं नाही. ही काय वस्तू?”

भिंगरी बघत राहिली.

मावशीने चमच्याने ताट वाजवलं. “थांबलीस! पुन्हा. ही काय वस्तू?”

“चमचा.”

“शाब्बास. भिंत कसली?”

“विटांची!”

“आजोबा कुठे?”

“बहिरे!” भिंगरी ओरडली आणि सून तोंडाला हात लावून हसायला लागली.

आजोबांनी मान वळवली. “काय म्हणतेय ती?”

“काही नाही,” मावशी म्हणाली.

“काय म्हणतेय?”

“तुम्हाला शहाणे म्हणतेय!”

घरभर हा खेळ सुरू झाला. सून विचारायची, शेजारीण विचारायची, येणारा-जाणारा विचारायचा. भिंगरीला त्यात इतकी गोडी लागली की प्रश्नाचं शेपूट बाहेर पडायच्या आत तिचं उत्तर तयार. मावशीला धन्य वाटायचं. रात्री अंथरुणावर पाय चेपत ती म्हणायची, होईल, होईल पोरीचं.

एकदाच मुलगा बोलला. डिंक लागलेली बोटं धूत होता, पाठमोरा. “आई, मला नाही शिकवलंस असं.”

“तेव्हा मला कुठे ठाऊक होतं रे?”

तो बोटं धुतच राहिला.

“तेव्हा मला ठाऊकच नव्हतं,” ती पुन्हा म्हणाली.

“हो, माहीत आहे,” तो म्हणाला आणि त्याने नळ बंद केला.

शेवटच्या दिवशी मावशीने ठोकळे नेहमीसारखे धुतले. खुर्चीखालची घडी नवी केली. सून भिंगरीला घेऊन आली, केस चापून. बाईंनी भिंगरीला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मावशी ट्रे घेऊन बाहेर उभी राहिली. आज चहा कुणी मागितला नव्हता, पण हातात काही नसलं की तिला त्या दाराशी उभं राहता यायचं नाही.

आधी छोटे प्रश्न होते. “हा रंग कोणता?” “लाल!” “तुला बोटं किती?” उत्तर खणखणीत. मावशीने सुनेकडे बघून मान डोलावली. सुनेने हात जोडले.

मग प्रश्न लांब व्हायला लागले.

“पाऊस पडतोय आणि तुला बाहेर जायचं आहे...” बाई म्हणत होत्या.

“छत्री!”

“...पण छत्री नाहीये. मग काय करशील?” बाईंनी वाक्य पुरं केलं.

आत शांतता. उत्तर देऊन झालं होतं. भिंगरीच्या हिशेबाने तिचं काम संपलं होतं.

“तुझ्या मैत्रिणीची वस्तू तुझ्याकडून हरवली...”

“शोधीन!”

“...आणि शोधूनही सापडली नाही. मग?”

पुन्हा शांतता. पेन्सिल कागदावर खरडल्याचा आवाज. मावशीला तो आवाज ओळखीचा होता. बरोबर उत्तराला बाई एक छोटी रेघ ओढत. हा लांब आवाज होता, उत्तर जसंच्या तसं लिहून घेतल्याचा. एकामागून एक तो येत राहिला. मावशीने ट्रे सुनेच्या हातात दिला.

बाई बाहेर आल्या. भिंगरीला सुनेकडे दिलं आणि मावशीला आत घेतलं. दार लावलं.

“मावशी, हिला घाईने बोलायला कुणी शिकवलं?”

मावशी गप्प उभी.

बाईंनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांना ते कळलं होतं. “कुणी शिकवलं?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“मी.”

बाई खुर्चीत बसल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच. “मावशी, या वर्षीपासून नियम बदललाय, कालच हुकूम आला. मूल गप्प राहिलं, तर दुसऱ्यांदा विचारता येतं. सगळ्या मुलांना. कितीतरी गावची मुलं नव्याने बसवली, आकडे नव्याने काढले. अख्खी नोकरी घालवली मी त्यासाठी. तुम्हाला सांगायचं राहिलंच.”

“मग विचारा ना तिला दुसऱ्यांदा.”

“गप्प राहिली असती तर विचारलं असतं. ती बोलली. एकदा उत्तर आलं की ते चूक असलं तरी तेच धरायचं. तो नियम मात्र तसाच आहे.”

खिडकीबाहेर एक मोटार सुरू होईना, कुणीतरी पुन्हा पुन्हा चावी फिरवत होतं.

“म्हणजे मी काही केलं नसतं तर...” मावशी म्हणाली.

“तसं नाही म्हणता येत.” पण बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. “रेघेच्या थोडीशीच खाली आहे. पुढल्या वर्षी एकदा पुन्हा बसवता येतं. तोवर वेगळ्या शाळेत.”

“तिच्या बापाच्या.”

“हो.”

मावशीने टेबलावरचे ठोकळे गोळा करायला घेतले. एक लाल, एक पांढरा. मग ती, हातातल्या ठोकळ्याकडे बघत, म्हणाली, “बाई, आत्ताच काही करता नाही का येणार?”

बाईंचे कान लाल झाले, पहिल्यासारखे. त्या वाट बघत होत्या. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असतं, आणि ते कुठलं दिलं असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. मावशीला मात्र माहीत होतं, की आकडा असा हाताने वर सरकवला तर बाईंचं सगळं भांडणच फुकट जाईल. उद्या कुणीही म्हणेल, बघा, खाणवस्तीची मुलं वर येतात ती अशी.

तिने पुन्हा विचारलं नाही. ठोकळे डब्यात भरले, झाकण दाबलं. त्याचा एक कोपरा नीट बसायचा नाही, तो अंगठ्याने दाबला.

“वर्षभर तिला आजोबांजवळ ठेवते,” ती म्हणाली. “त्यांना काहीही पहिल्यांदा ऐकू येत नाही. आपोआप विसरेल सगळं.”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिल्या. मग उठून त्यांनी कपाटातून एक शाल काढली, मावशीसाठी आणलेली, आणि हार-बिर काही नाही म्हणून माफी मागितली. “बरं झालं,” मावशी म्हणाली. “फुलं पिशवीत चुरगळतात.”

संध्याकाळी तिने दिवसभराचे कागद पाकिटात घातले. कुठला भिंगरीचा, हे तिने बघितलं नाही. बघून काय करायचं होतं? मोहोर केली, लाखेचा थेंब फुंकून गार केला. सुनेला घरी स्वयंपाक होता, म्हणून ती पुढे गेली. भिंगरी आजीबरोबर निघाली.

चार गल्ल्या. चपलांच्या दुकानासमोर भिंगरीने एक गिरकी घेतली. मावशीचे गुडघे कुरकुरत होते. ती चालता चालता विचार करत होती, की मुलाला आज घरी गेल्यावर कसं सांगायचं. मग तिला वाटलं, तो काही विचारणार नाही. आणि विचारलंच तर दोनदा विचारेल, तोवर काहीतरी सुचेल.

मुख्य कचेरीची खिडकी उघडी होती. आत तोच कारकून, मान खाली, कानामागे पेन. या खिडकीवर ती इतकी वर्षं येत होती, तिचे केस काळ्याचे पांढरे झाले, आणि त्याचे तर गेलेच.

“टपाल आहे,” मावशी म्हणाली.

कारकून लिहीत राहिला.

भिंगरी टाचा उंचावून आत बघत होती. तिने आजीचा हात ओढला आणि हळूच विचारलं, “आजी, यांना उत्तर येत नाही?”

मावशीने उत्तर दिलं नाही. भिंगरीने पुन्हा विचारलं, “येत नाही का?”

“येतं गं,” मावशी म्हणाली. “सगळं येतं त्यांना.” आणि ती खिडकीकडे वळली. “टपाल आहे, साहेब.”

कारकुनाने न बघता हात पुढे केला. पाकीट घेतलं, मोहोर तपासली, शिक्का उमटवून पोच सरकवली. तिने ती घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि पिशवीची चेन ओढली.

“उद्या जरा लवकर आणा,” कारकून म्हणाला. “रोज उशीर होतो तुम्हाला.”

“सांगते हं,” मावशी म्हणाली, आणि नातीचा हात धरून पायऱ्या उतरायला लागली.